रूममेट्ससोबत महागड्या शहरात घर शोधताय? ब्रोकरला फोन करायच्या आधी काय काय ठरवायचं

मी आत्तापर्यंत चार वेळा घर बदललंय, चारही वेळा रूममेट्ससोबत आणि चारही वेळा अशा शहरात जिथे भाड्याचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. एवढ्या अनुभवावरून एक सांगते, घरं मिळतात. अडतं ते आपल्याआपल्यात, कारण आपण एकमेकांना स्पष्ट काही विचारलेलंच नसतं आणि मग एकेक घर बघताना एकेकाच्या मनातलं बाहेर यायला लागतं, तोपर्यंत चांगलं घर दुसऱ्या कोणीतरी टोकन देऊन घेतलेलं असतं. म्हणून हा लेख घरापासून सुरू होत नाही, माणसांपासून सुरू होतो. कंटाळा आला तरी हा क्रम मोडू नका.

सुरुवात कागदापासून

माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी आम्ही तिघी होतो आणि त्यातली एक म्हणायची, मला काहीही चालेल गं, तुम्ही दोघी ठरवा. आम्ही दोघींनी तीन शनिवार-रविवार घालवून सात घरं निवडली आणि ती प्रत्येक घराला नाही म्हणाली. एकाला बाल्कनी नव्हती, एकाचं किचन अंधारं, एक फार आत. तिला आपल्याला नक्की काय हवंय हे तेव्हा माहीतच नव्हतं आणि आम्हीही तिला बसवून विचारलं नव्हतं. तेव्हापासून 'काहीही चालेल' हे उत्तर मी घेतच नाही.

करायचं असं, की सगळ्यांनी एका संध्याकाळी एकत्र बसायचं, पण लिहायचं मात्र वेगवेगळं, एकमेकांचं न बघता. महिन्याला सगळं धरून जास्तीत जास्त किती देऊ शकते, ऑफिस किंवा कॉलेज कुठे आणि आठवड्यातून किती दिवस जावं लागतं, किती महिने नक्की राहणार, कुठल्या तीन गोष्टी अजिबात चालणार नाहीत आणि कुठल्या तीन असल्या तर बऱ्या. वेगळं लिहायला सांगते कारण एकीने मोठ्याने आकडा सांगितला की बाकीच्या त्याच्या आसपासच बोलतात, कमी सांगायची लाज वाटते, आणि मग जिला परवडत नव्हतं ती चौथ्या महिन्यात गप्प गप्प व्हायला लागते.

'अजिबात नाही'च्या यादीत तीनच गोष्टी ठेवायच्या, चौथी घालायची असेल तर आधीची एक काढायची. आणि सगळ्यांच्या याद्या समोर आल्या की त्यावर वाद घालायचा नाही. एखादीला तळमजला नको असेल तर नको, कारण विचारत बसू नका. मात्र यादीबाहेरच्या गोष्टीवरून नंतर घर नाकारायचं नाही, हे सगळ्यांनी आधीच कबूल करायचं. पुढचा सगळा वेग या एका कबुलीवर अवलंबून असतो.

त्याच बैठकीत राहण्याबद्दलही बोलून घ्या. रात्री किती वाजता झोपता, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड किंवा घरचे राहायला आले तर किती दिवस, कोण घरून काम करतं आणि दिवसभर कॉलवर असतं, सिगरेट, पाळीव प्राणी, भांडी लगेच घासायची का सकाळी. छोट्या वाटतात पण एकत्र राहणं याच गोष्टींवरून मोडतं, भिंतीच्या रंगावरून नाही. जिच्याशी हे बोलायलाच अवघड जातंय तिच्याबरोबर वर्षाचं ॲग्रीमेंट करू नका, मग ती कितीही जुनी मैत्रीण असू दे.

बजेट कोणाच्या खिशावर ठरवायचं

पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं असावं हा नियम सगळीकडे सांगतात. तो आला कुठून बघा. अमेरिकेत १९६९ मध्ये एडवर्ड ब्रुक नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने सरकारी घरांमधल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या २५ टक्के अशी भाड्याची मर्यादा आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली. म्हणजे हा आकडा एका सरकारी योजनेतून आलाय, तुमच्या शहराचा आणि तुमच्या कर्जाच्या हप्त्यांचा विचार करून कोणी काढलेला नाही. महागड्या शहरात तो बऱ्याचदा ओलांडावा लागतो, पण ओलांडतोय हे माहीत असलं पाहिजे आणि त्या बदल्यात कशात काटकसर करणार हेही ठरलेलं असलं पाहिजे.

रूममेट्सच्या बाबतीत माझा नियम सोपा आहे, बजेट सगळ्यात कमी आकडा लिहिलेल्या माणसावरून ठरतं, सरासरीवरून नाही. जिला जास्त परवडतं तिला मोठी खोली घेऊन जास्त द्यायची सोय पुढे आहेच, ते खाली सांगते.

आणि आकडा म्हणजे नुसतं भाडं नाही. भाडं, मेंटेनन्स, वीज, पाणी, इंटरनेट, येण्याजाण्याचा खर्च, ब्रोकरेज आणि सामान हलवायचा खर्च, हे सगळं एका माणसाचं एका महिन्याचं करून मांडायचं. ब्रोकरेज लोक एकदाच जातंय म्हणून सोडून देतात, पण एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज गेलं आणि तुम्ही १२ महिने राहिलात तर भाडं दर महिन्याला ८.३ टक्क्यांनी वाढल्यासारखंच झालं. सहाच महिने राहिलात तर १६.७ टक्के. म्हणून 'किती महिने नक्की राहणार' हा प्रश्न वर कागदावर घेतलाय. डिपॉझिट खर्च नसतं हे खरं, पण ते अडकून पडतं आणि तेवढे पैसे एकदम उभे करावे लागतात, तर ते कोण किती भरणार हे घर बघायच्या आधी बोला.

एरिया निवडताना सरासरी काढू नका

इथे जरा जास्त वेळ घालवते कारण इथे चुकलं की घर कितीही छान असलं तरी काही महिन्यांत कोणीतरी बाहेर पडतं.

समजा दोन घरं आहेत. पहिल्या घरापासून तिघींना ऑफिसला अनुक्रमे २०, ३० आणि ८५ मिनिटं लागतात. दुसऱ्यापासून ४५, ५० आणि ५०. सरासरी काढली तर पहिलं घर ४५ मिनिटं आणि दुसरं ४८, म्हणजे पहिलं चांगलं दिसतं. पण ८५ मिनिटंवाली रोज जवळजवळ तीन तास रस्त्यावर असणार, ती टिकणार नाही, आणि ती गेली की तिच्या वाट्याचं भाडं तुमच्या दोघींच्या डोक्यावर. म्हणून एरियाची तुलना करताना सगळ्यात लांबचा प्रवास कोणाचा आणि किती, तो आकडा आधी बघा. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं पायी फिरायची तेव्हापासून ते गाड्या येईपर्यंत, दिवसाला जाऊन-येऊन साधारण तासभरच प्रवास करत आलीत. मोठ्या शहरात तासाभरात भागणं कठीण आहे, पण आपल्या तिघींपैकी कोण या तासाच्या किती पलीकडे चाललीय हे मोजायला तो आकडा चांगला आहे.

भाडं कमी म्हणून लांब जायचं का, हा प्रश्न येणारच. तर वेळेचा हिशोब मांडा. एका बाजूला २५ मिनिटं जास्त लागत असतील तर दिवसाला ५०, महिन्याच्या २२ दिवसांची १,१०० मिनिटं, म्हणजे अठरा तासांच्या वर. आता भाड्यात तुमच्या एकटीच्या वाट्याला किती वाचतायत त्यातून जास्तीचा प्रवासखर्च वजा करा आणि उरलेल्याला अठराने भागा. तासाला एवढ्या पैशांसाठी मी गर्दीत उभी राहीन का, याचं उत्तर लगेच मिळतं. जी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाते तिचं उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबरच आहे, म्हणून हा हिशोब प्रत्येकीने स्वतःचा करायचा.

मॅपवर बघताना रविवारी दुपारी घरी बसून बघू नका. ॲपमध्ये निघायची वेळ टाकता येते, कामाच्या दिवशीची सकाळची वेळ टाका आणि येतानाची संध्याकाळची वेगळी टाका. दोन्हीत बराच फरक निघतो. गाडी किंवा बस बदलायला लागत असेल तर प्रत्येक बदलाचा वेळ धरा, कारण एक चुकली की पुढची किती वेळाने येते त्यावर सगळं असतं. याच कारणाने गाडी बदलावी लागणाऱ्या एरियात भाडी बऱ्याचदा उतरलेली असतात. तुमच्यातल्या सगळ्यांना बदलायची गरज नसेल, किंवा तुमच्या वेळेला गाड्या भरपूर असतील, तर अशाच ठिकाणी फायदा होतो. प्रसिद्ध एरियाच्या पुढचे दोन स्टॉप हेही नक्की बघा. उलटी गोष्ट पण होते बरं का, जाहिरातीत नाव प्रसिद्ध एरियाचं आणि घर त्याच्या हद्दीच्या पार पलीकडे, तर नावावर जाऊ नका, नेमकं ठिकाण मागवून घ्या.

तीन एरिया निवडा, तिन्ही वेगळ्या प्रकारचे. एक कामाच्या ठिकाणांजवळचा, जिथे घर लहान मिळेल, एक मधला, एक टोकाचा जिथे जागा ऐसपैस. एकेका एरियाला एक पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवशी घरं बघायची नाहीत, नुसतं फिरायचं. स्टेशन किंवा स्टॉपपासून चालत जा, घड्याळ लावून, कारण जाहिरातीतली पाच मिनिटं आणि हातात पिशव्या घेतलेली पाच मिनिटं वेगळी असतात. अंधार पडल्यावर परत तोच रस्ता चाला. दिवे आहेत का, दुकानं किती वाजता बंद होतात, शेवटची गाडी किती वाजता. रात्री उशिरा परतणारी जी कोणी असेल तिने हे स्वतः करावं, दुसरीने सांगितलेलं पुरत नाही.

शोधाची कामं वाटून घ्या

सगळ्यांनी सगळं केलं की एकाच ब्रोकरला तिघींचे फोन जातात आणि तो गोंधळतो. एकीने फोन करायचे, एकीने वेळा ठरवायच्या, एकीने शेअर केलेल्या शीटमध्ये भरायचं. शीटमध्ये नेमकं ठिकाण, भाडं, डिपॉझिट, माणशी महिन्याचा एकूण खर्च, सगळ्यात लांबचा प्रवास, बाथरूम किती, घर कधी रिकामं होणार, आणि बघून आल्यावरचं एक वाक्य. ते वाक्य लिहाच, पाच घरं बघितली की कुठल्या घरात ओल होती ते आठवत नाही.

कागदपत्रं आधीच एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, सगळ्यांची ओळखपत्रं, पगाराचे पुरावे, आणि जमलं तर जुन्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र. घरमालकाला रूममेट्स म्हटलं की धास्ती असते, तुमची फाईल तयार दिसली की ती बरीच कमी होते.

निर्णयाचा नियमही आधी करा. आमचा असा होता, तिघींपैकी दोघी प्रत्यक्ष बघतील, तिसरी व्हिडिओ कॉलवर, आणि हो की नाही त्याच रात्री. 'अजिबात नाही'च्या यादीतलं काही नसेल आणि दोघी हो म्हणत असतील तर घर घ्यायचं. कडक वाटेल, पण चांगलं घर रिकामं झालं की थांबत नाही.

घर बघायला गेल्यावर

भिंतींचा रंग बघून कोणी खूश होऊ नका. नवीन रंगाचा वास येत असेल तर उलट छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत आणि कपाटामागची बाजू नीट बघा, ओल बहुतेक तिथेच असते आणि रंग देऊन झाकलेली असते. बाथरूमचा आणि किचनचा नळ एकदम चालू करा आणि तेव्हाच फ्लश करा, पाण्याचा जोर किती उरतो बघा, सकाळी तिघी एकदम आवरत असताना तेच होणार आहे. गरम पाणी यायला किती वेळ लागतो तेही. फोनचा चार्जर घेऊन जा आणि प्रत्येक सॉकेटला लावून बघा. प्रत्येक खोलीत जाऊन फोनला रेंज येते का बघा, खास करून घरून काम करणारीच्या खोलीत.

मोजायची टेप न्या. मधली खोली डोळ्यांना मोठी वाटते आणि बेड टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. खिडक्या बंद करून आणि उघडून दोन्ही वेळा दोन मिनिटं शांत उभं राहून आवाज ऐका. प्रत्येक खोलीला आतून कडी किंवा लॉक आहे का, हॉलमधून जावं लागणारी खोली कुठली, कोणाच्या खोलीतून दुसरीला बाथरूमला जावं लागतं का, हे रूममेट्ससाठी फार मोठं आहे, कुटुंब बघायला आलं तर त्यांना याने काही फरक पडत नाही म्हणून ब्रोकर हे सांगणारही नाही. आणि बाथरूम एक असेल तर तिघींच्या निघायच्या वेळा कागदावर आहेतच, त्या ताडून बघा.

बाहेर पडताना शेजारी किंवा खालचं कोणी भेटलं तर पाण्याचं आणि आवाजाचं विचारा. लोक सहसा खरं सांगतात.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. घर न बघता पैसे मागितले, मालक परदेशात आहे म्हणून चावी पार्सलने येईल असं सांगितलं, आसपासच्या भाड्यापेक्षा फारच कमी भाडं आहे, किंवा आजच पैसे भरा नाहीतर गेलं अशी घाई चाललीय, तर तिथेच थांबा. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडू शकतात. घर खरंच त्याच माणसाच्या नावावर आहे याचा कागद बघितल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

खोल्यांचं भाडं कसं वाटायचं

भाड्याला तीनने भागायचं आणि खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, असं बरेच जण करतात आणि लहान खोलीवाली वर्षभर मनात ठेवते. याच्यावर खरंच गणित झालंय. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिलं की काही साध्या अटी पाळल्या जात असतील तर खोल्यांच्या किमती अशा लावता येतातच की प्रत्येकाला आपलीच खोली त्या किमतीला सगळ्यात बरी वाटेल, दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटणार नाही.

घरी करायची सोपी पद्धत सांगते. एकूण भाडं १०० धरा. प्रत्येकीने गुपचूप लिहायचं, कुठली खोली मला कितीची वाटते, तिन्हींची बेरीज मात्र १०० आली पाहिजे. समजा पहिलीने मोठी ४५, मधली ३०, लहान २५ लिहिलं, दुसरीने ४०, ३५, २५ आणि तिसरीने ३६, ३३, ३१. आता खोल्या अशा वाटायच्या की ज्या-त्या खोलीसाठी लिहिलेल्या आकड्यांची बेरीज सगळ्यात जास्त येईल. इथे पहिलीला मोठी, दुसरीला मधली, तिसरीला लहान, बेरीज ४५ अधिक ३५ अधिक ३१ म्हणजे १११. भाडं तर १०० च आहे, म्हणजे ११ वर उरले, ते तिघींत साधारण सारखे कमी करायचे. पहिली ४१ देईल, दुसरी ३२, तिसरी २७. प्रत्येकीला आपण लिहिलं त्यापेक्षा तीन-चारने कमी पडलं. शेवटी पडताळून बघायचं की या किमतीला कोणाला दुसरीची खोली जास्त फायद्याची वाटते का. तिसरीने मधली ३३ ची धरली होती, ती ३२ ला मिळाली तर फायदा १, तिच्या स्वतःच्या खोलीत फायदा ४, म्हणजे ती खूश. असं कोणाचं उलटं आलं तर एखाद-दोन इकडेतिकडे सरकवायचे. अर्धा तास लागतो आणि नंतर तो विषय परत निघत नाही. हे सही करायच्या आधी करा, सामान लागल्यावर नाही.

ॲग्रीमेंट आणि बाहेर पडायचा रस्ता

सगळ्यांची नावं ॲग्रीमेंटमध्ये असलीच पाहिजेत. माझ्या पहिल्या घरात सोयीचं म्हणून एकाच मैत्रिणीचं नाव टाकलं होतं, घर सोडताना पूर्ण डिपॉझिट तिच्या खात्यावर आलं, तेव्हा ती आधीच गावाला गेलेली आणि तिला पैशांची गरज होती, मला माझा वाटा मिळायला सात महिने लागले. भांडण नाही झालं पण मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही, याचं आजही वाईट वाटतं. म्हणून कोणी किती डिपॉझिट भरलं ते लिहून, शक्य असेल तर ज्याच्या त्याच्या खात्यातून भरा.

नावं असण्याची दुसरी बाजूही समजून घ्या. बऱ्याच देशांत एकत्र सही केलेले भाडेकरू एकत्रितपणे आणि एकेकटेही पूर्ण भाड्याला जबाबदार धरले जातात, म्हणजे एकीने दिलं नाही तर मालक उरलेल्या दोघींकडून सगळं मागू शकतो. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा. लॉक-इन किती, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही, नोटीस किती, एक जण गेली तर दुसरी रूममेट आणायला मालकाची परवानगी कशी घ्यायची, भाडं कधी आणि किती वाढणार, दुरुस्ती कोणाकडे, डिपॉझिटमधून काय काय कापलं जाऊ शकतं आणि किती दिवसांत परत. तोंडी सांगितलेलं मेसेजवर लिहून घ्या.

आणि तुमच्या तुमच्यात एक पानाचं वेगळं लिहा, मालकाला दाखवायचं नाही. जाणारीने किती आधी सांगायचं, नवीन माणूस शोधायचं काम तिचंच, तो मिळेपर्यंत तिचा वाटा कोण भरणार, नवीन माणसाला बाकीच्या दोघींनी हो म्हणायला हवं, एकत्र घेतलेला फ्रिज कोणाचा. मैत्रीत कशाला लिहायचं असं वाटतं तेव्हाच लिहायचं, कारण तेव्हा सगळ्या एकमेकींशी चांगल्या वागत असतात.

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, फरशी, नळ, आधीची खरवड, फुटलेली टाईल, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या म्हणजे तारीख राहते. विजेच्या मीटरचा आणि असेल तर पाण्याच्या आणि गॅसच्या मीटरचाही फोटो काढा, चाव्या किती मिळाल्या ते मेसेजवर लिहा आणि दाराचं कुलूप बदलून द्याल का हे विचारा, आधीच्या भाडेकरूंकडे किती चाव्या राहिल्यात ते मालकालाही माहीत नसतं.